खिडकीकडं बगा सगली

पासवर्डकाका कीबोर्डला हात लावणार म्हटलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करायचं, हा नियम. "चला, खिडकीकडं बगा सगली," म्हणायचे आणि थांबायचे. साहेबांनी मान वळवल्याशिवाय बोट हलायचं नाही. एकदा बिल घेऊन आलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही त्यांनी चहाच्या कपासकट वळवलं होतं. खिडकीबाहेर बघायला काय, तर पनवेलचा हायवे आणि त्यावर तुंबलेले ट्रेलर.

न्हावा शेवा बंदरात जाणाऱ्या कंटेनरचे कागद करणारं आमचं ऑफिस. कॉम्प्युटर कंपनीचे, त्यामुळे आम्हाला त्यात काहीही बदलायची परवानगी नाही. त्यात आमचं सॉफ्टवेअर भलतंच नाजूक. सकाळी उघडायला जावं तर म्हणणार, थांबा, आधी मी स्वतःला दुरुस्त करतो. मग अर्ध्यात अडून बसणार आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागणार. तो फक्त काकांकडे, ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळायचं काम त्यांचं. तिकडे बंदरावर ट्रेलरवाला शिव्या घालतोय आणि इकडे काका नेऱ्याच्या घरून आणलेला मच्छीचा डबा निवांत संपवतायत.

मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, हे काढून नवीनच टाका ना."

त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं, की मी जणू त्यांची म्हैस विकायला काढली होती. "काढाया काय, कोनी पन काढंल. इतक्या वर्साच्या सेटिंगा हायेत त्यात, त्या कुठशी आनशील?" मग ते सॉफ्टवेअर मागेल ती मूळ फाइल शोधून द्यायचे आणि रिपेअरचं बटण दाबायचे. बहुतेकदा तिसऱ्या खेपेला चालायचं. पहिल्या दोन खेपा सॉफ्टवेअरचा दोष, तिसरी काकांचं कसब.

खरी गंमत पुढेच आहे. काका पासवर्ड टाकताना एकेक अक्षर तोंडाने पुटपुटायचे. त्यामुळे तो अख्ख्या ऑफिसला पाठ होता, चहावाल्यालासुद्धा. पण कुणी कधी वापरला नाही. उगाच कशाला? काकांना मग कामच काय उरलं असतं.

ते काम काढून घ्यायला शेवटी हेड ऑफिस आलं. सगळे कॉम्प्युटर आता बेंगळुरूहून सांभाळणार, असा मेल आला. काकांचा पासवर्ड रद्द, महिनाअखेरीस काकाही. मला फार वाईट वाटलं. साहेबांनी 'व्यवस्था सुधारते आहे' असं सांगितलं, तेही खिडकीकडे बघत.

शेवटच्या दिवशी माझं सॉफ्टवेअर नेमकं अडलं. मी सवयीने काकांना हाक मारली आणि जीभ चावली. ते आलेच. फोनवर बेंगळुरूची बाई होती. माझ्या माउसचा बाण स्क्रीनवर आपोआप फिरायला लागला. ती म्हणाली, "मॅडम, मी पासवर्ड टाकतेय."

काका वळले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. टाकणारी बेंगळुरूला, स्क्रीनवर नुसते ठिपके. तरी आम्ही एकेक करून उठलो आणि त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिलो. साहेबही आले.

मागे सॉफ्टवेअर उघडल्याचा आवाज झाला. पहिल्याच खेपेला.

"झाला काय गो टाकून?" काकांनी न वळता विचारलं. 

"नाही काका," मी म्हटलं, "अजून टाकतायत."

आणि आम्ही सगळे ट्रेलर बघत राहिलो.