मोठ्याबाईंच्या वाट्याचा वारा

एका मे महिन्यात मी एका लोखंडी डब्याला वारा घालायचा म्हणून माणसाच्या अंगावरचा वारा काढून घेतला. तेव्हा मी काही अजाण पोर नव्हते. साठी उलटलेली, नोकरीतून निवृत्त झालेली, दोन सुनांची सासू होते. चष्मा नाकावर होता, अक्कल मात्र कुठंतरी ठेवून विसरले होते. हा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, कारण मोठ्याबाईंबद्दल गोड गोड लिहीत गेले तर तो सांगायचा राहून जाईल, आणि मनातून मला तेच हवं असेल.

मोठ्याबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी राहायच्या, धानाची शेती बघायच्या. उंच, काटक, आणि चालताना हात मागे बांधलेले, एखाद्या हेडमास्तरसारखे. 'बाई, तुम्हाला काय हवं?' असं त्यांना घरात कोणी विचारल्याचं मला आठवत नाही, कारण उत्तर ठरलेलं असायचं. "मले चालते." भाताची करपलेली खरवड चालायची, एसटीतली चाकावरची सीट चालायची, लग्नात सगळ्यांनी निवडून उरलेलं लुगडं चालायचं. उत्तर ठाऊक असलं की माणूस प्रश्नच विचारेनासा होतो. आम्ही तसेच झालो होतो.

लग्न होऊन मी नवीनच घरात आले तेव्हा या 'चालते'ची परीक्षा घ्यायची मला खोडी सुचली. चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि कप त्यांच्या हातात देऊन चुलीआडून बघत राहिले. त्यांनी शांतपणे अख्खा कप संपवला, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाल्या, "मले चालते. पाव्हण्याले नको देऊ." मी पोट धरून हसले. तेव्हा वाटलं, मीच जिंकले.

पण कोणी त्यांना गरीब गाय समजू नये. तेंदूपत्ता गोळा करायच्या दिवसांत फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात त्या जागी, माल घेणाऱ्यानं एखाद्या बाईचा पानांचा पुडा 'खराब आहे' म्हणून बाजूला फेकला, की मोठ्याबाई तो उचलून त्याच्या नाकासमोर धरायच्या. "याले काय झालं, दाखव बरं." तो बिचारा पानं उलटीपालटी करत बसायचा आणि शेवटी पुडा घ्यायचा. दुसऱ्यावरचा अन्याय त्यांना चालत नसे. चालायचा तो फक्त स्वतःवरचा.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. शेतीची कामं नसतात म्हणून, तेंदूपत्ता एक वर्ष सोडून, त्यांनी मे महिनाच धरला आणि चंद्रपूरला आमच्याकडे आल्या. ऊर्जानगरजवळ आमचं घर आहे, हॉलमध्ये खिडकीला मोठा कूलर. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी मला बजावलं की बाईंना गारव्यात ठेवा, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, घाम तर मुळीच नको. मी मान डोलावली, कूलरसमोरच्या दिवाणावर त्यांना बसवलं, काळा चष्मा लावून दिला. पहिले काही दिवस मी फार गुणी जाऊ होते.

आणि त्याच दिवसांत मी घरी कॉम्प्युटर जोडत होते. नोकरीत असताना ऑफिसातला पोरगेला ऑपरेटर मला सारखं म्हणायचा, "मॅडम, तुम्ही हात नका लावू." तो काटा मी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता. व्हिडिओ पाहून पाहून मी सुटे भाग ठरवले आणि बाजारातल्या इरफानभाईंच्या दुकानातून आणून स्वतःच्या हातानं बसवले. सगळ्यात जीव कशात अडकला असेल तर मेमरीत, म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्यांत. त्यांच्या खोक्यावर वेग छापला होता, छत्तीसशे. इरफानभाईंनी तेव्हाच सांगितलं, "मॅडम, ती पट्टी आपोआप तेवढी नाही पळत, सेटिंगमध्ये जाऊन करा लागते. आणि इथल्या गर्मीत तुम्ही बत्तीसशेच ठेवा, आराम से चालते. तुमचं काम काय हाय?"

काम काय होतं, ते ऐका. आमच्या महिला मंडळाची भजनांची पुस्तिका टाइप करायची, आणि दुपारी पत्ते खेळायचे. त्यासाठी मला छत्तीसशे हवे होते. घरी येऊन मी सेटिंग उघडलं, आकडा वर चढवला आणि भिशीत जाऊन सांगितलं. त्यांतल्या एकीलाही हा आकडा कशाचा ते माहीत नव्हतं. मलाही व्हिडिओपुरतंच माहीत होतं. पण 'छत्तीसशे' म्हणताना माझी मान अशी ताठ व्हायची की जणू त्या पट्ट्या मीच प्रसवल्या होत्या.

मोठ्याबाई दिवाणावरून सगळं ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "ते पट्टी काय करते वं?"

मी सांगितलं, "बाई, कॉम्प्युटरला हातातल्या कामाचं जे लागतं ते ती धरून ठेवते. मागितलं की काढून देते. वेग जास्त असला की लवकर देते."

"मंग कोन मांगून राह्यला एवढ्या घाईनं?"

"मी."

"तुले तं भजनं लिवाची हायत," त्या म्हणाल्या. "देव कुठी पळून राह्यला?"

मला हसू आलं, रागही आला. मग चंद्रपूरचा खरा उन्हाळा सुरू झाला. दुपारी बाहेर कुत्रं दिसेना, नळाचं पाणी अंगावर घेववेना. आणि माझा कॉम्प्युटर गोठायला लागला. अर्धं भजन टाइप झालं की पडदा निळा, सगळं पुसलेलं. मी इरफानभाईंना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, मी बोललो होतो ना. स्पीड खाली घ्या, एका मिनिटाचं काम हाय."

एका मिनिटाचं काम होतं. पण खाली घ्यायचं म्हणजे भिशीत काय सांगायचं? कोणी विचारणार नव्हतं, तरी मला ती नामुष्की वाटली. पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या गरमीचा आकडा दाखवणारी एक सोय असते, ती मी सुरू केली. आकडा चढला की मशीन गोठायचं, उतरला की बरं चालायचं. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यात उजेड पडला. मी उठले आणि कूलरच्या पात्या दिवाणावरून वळवून टेबलाकडे केल्या. कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकणही काढून ठेवलं. कूलरचा वारा ओला असतो, तो यंत्राला घालू नये, एवढंही त्या व्हिडिओवाल्या विदुषीला सुचलं नाही.

"बाई, थोडा वेळ इकडे करते हां," मी म्हणाले.

"मले चालते," त्या म्हणाल्या.

थोडा वेळ रोजच्या दुपारभर लांबला. आमचे हे एकदा जाता जाता म्हणाले, "अगं, वहिनींकडे कर ना वारा." मी म्हटलं, "हे एवढं पान संपलं की करते." पान संपलं की दुसरं असायचं. मोठ्याबाई भिंतीला टेकून काळ्या चष्म्यात बसून असायच्या. जुन्या वर्तमानपत्राची घडी करून हळूहळू वारा घ्यायच्या. मी मिनिटामिनिटाला पडद्याचा कोपरा बघायचे, आकडा खाली आला की खूश व्हायचे.

एका दुपारी मागं वळून पाहिलं तर त्या चष्मा काढून पदरानं डोळा टिपत होत्या. मी ओरडले. हो, त्यांच्यावर ओरडले. "पदर लावू नका म्हणून किती वेळा सांगू? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?" त्यांनी पदर खाली घेतला. कपाळावरून घाम ओघळत होता, भुवईशी थांबत होता, मग पुढं. मला तो दिसला. खरं सांगते, दिसला. आणि मी पुन्हा पडद्याकडे वळले, कारण कडव्याची शेवटची ओळ राहिली होती.

दोन दिवसांनी डोळा लालभडक झाला, सुजला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि नागपूरला न्यायला सांगितलं. तिथं सुया झाल्या, पुन्हा ऑपरेशन झालं. डोळा राहिला, पण त्याला पुढं फक्त उजेड कळायचा, माणूस कळायचा नाही. नागपूरचे डॉक्टर भले होते. म्हणाले, "असा संसर्ग कधी कधी होतो, कारण एकच नसतं." ते वाक्य मी किती तरी महिने उशाशी घेऊन झोपले. घरात कोणी मला बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं.

नागपूरला जायच्या आदल्या संध्याकाळी बॅग भरून झाल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला, सेटिंग उघडलं आणि वेग बत्तीसशेवर आणला. मिनिटही लागलं नाही. कूलरचा वारा नसतानाही कॉम्प्युटर नंतर कधी गोठला नाही. आणि कामात फरक? भजन पूर्वी जेवढ्या वेळात टाइप व्हायचं, तेवढ्याच वेळात झालं. मला तरी तसूभर फरक दिसला नाही.

मोठ्याबाई पुढं चार-पाच वर्षं जगल्या. एका डोळ्यानं धान निवडायच्या, फळीवर जायच्या, तिथल्या माणसाला तसंच फैलावर घ्यायच्या. आमच्याकडे आल्या की मी त्यांना विचारत सुटायचे. पंखा वाढवू का, उशी देऊ का, चहात साखर बरी आहे का. त्या वैतागायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या हयातीत मी माफी अशी कधी मागितलीच नाही. एकदाच माफीच्या जवळपास पोचले होते, नागपूरहून परतताना.

गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो, हे पुढं ड्रायव्हरशेजारी पेंगत होते. मोठ्याबाईंच्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. वरोरा मागं पडलं. मला गप्प बसवेना. खरं तर माफी मागायची होती, पण तोंडातून निघाली ती तक्रार. मी म्हणाले, "बाई, तुम्हाले एवढं गरम होऊन राह्यलं होतं, तं तुम्ही बोलल्या काऊन नाई?"

त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. आवाजात राग नव्हता, उद्याच्या भाजीचं बोलावं तशा बोलल्या.

"त्या डब्याले तू घडीघडी पाह्यत होती, किती तापला म्हणून. मले एकडाव इचारलं असतं, तं मीनंबी सांगतलं असतं."