साहेब काउंटरच्या परीक्षेला बसतात

माझ्या ताईच्या नवऱ्याला घरात सगळे साहेब म्हणतात. हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं आणि त्यांनी ते जेवणाच्या डब्यासारखं रोज घरी आणलं. औषधांच्या कारखान्यात ते तपासणी विभागाचे प्रमुख होते. गोळी पाण्यात विरघळायला किती मिनिटं घेते, किती दाब दिला की तुटते, शंभरात एखादी वजनाला कमी भरते का, हे बघण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. काम चोख होतं, ते मी नाकारत नाही. पण गोळी पुढे कोणाच्या पोटात जाते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. बाटलीला झाकण बसलं की त्यांच्या लेखी विषय संपला.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून लागले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, काय करतेस. मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुड्या बांधतेस." सगळे हसले. मीही हसले, कारण ताईचं लग्न मोडायचं नव्हतं. पुढची बावीस वर्षं हा एकच विनोद त्यांनी न थकता केला. पदवी आमची दोघांची एकच. राज्याच्या फार्मसी परिषदेकडे नोंदणीही दोघांची होती, पण त्यांनी स्वतःची पहिल्या पाच वर्षांतच बंद पडू दिली. नोंदणी दुकानदारांना लागते, असं त्यांचं म्हणणं.

मग कारखाना बंद पडला. साहेब चोपन्नाव्या वर्षी घरी बसले. आठ महिने ते कोणी बोलावणं पाठवील याची वाट बघत होते. कोणी पाठवलं नाही. त्यांच्या वयाचा, त्यांच्या पगाराचा आणि त्यांच्या तोंडाचा माणूस कुठल्याच कारखान्याला नको होता. ताई शाळेच्या कचेरीत काम करते. ती निघताना साहेब घड्याळ लावून चहाला उकळी किती वेळात येते ते बघत उभे असायचे आणि कालच्यापेक्षा वीस सेकंद जास्त लागल्याबद्दल तिला जाब विचारायचे. शेवटी एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात जागा निघाली. तिथे नोंदणी हवी होती. आणि इतकी वर्षं बंद पडलेली नोंदणी पुन्हा हवी असेल तर पात्रता परीक्षा पुन्हा द्या, असा परिषदेचा नियम.

परीक्षेचे दोन लेखी पेपर, आणि तिसरा भाग काउंटरचा. त्यात आठ खोल्या. प्रत्येक खोलीत रुग्णाचं सोंग घेतलेला एक नट किंवा नटी, आणि कोपऱ्यात गुण देणारा परीक्षक. सात मिनिटांत रुग्णाला काय होतंय ते काढून घ्यायचं, औषध समजावायचं, आणि त्याला ते समजलं याची खात्री करायची. साहेबांनी हे वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या धंद्यात आता नाटकवालेही आले."

लेखी अभ्यासाची त्यांनी जी तऱ्हा केली ती बघण्यासारखी होती. क्लास लावला, तो दोन दिवसांत सोडला. शिकवणाऱ्याने फळ्यावर एका रेणूची एक बाजू उलटी काढली, आणि यांनी उठून चाळीस पोरांसमोर त्याला सुधारलं. मार्गदर्शक पुस्तक आणलं, त्यातल्या चुका लाल शाईने काढल्या आणि अकरा पानांचं पत्र प्रकाशकाला धाडलं. मात्र पाठांतर पक्कं. कुठलं औषध यकृतातून जातं, कुठलं मूत्रपिंडातून, कशाचा अर्धा भाग रक्तातून किती तासांत उतरतो, विचारायची खोटी. निकाल लागला तेव्हा लेखीत ते सगळ्यांच्या वर होते. काउंटरला आठांपैकी दोन खोल्यांत पास. त्या दोनांतल्या एका खोलीतला रुग्ण बहिरा होता. सगळं लिहून द्यायचं होतं.

दुसऱ्या वेळी फक्त काउंटरचीच परीक्षा होती. एका खोलीत बाई तापलेल्या मुलाची आई होऊन बसली होती. साहेबांनी मुलाचं वजन विचारलं. ती म्हणाली, नक्की माहीत नाही, तीन वर्षांचा आहे. साहेब तिला म्हणाले की जिला आपल्या मुलाचं वजन माहीत नाही, तिच्या हातात औषध देणं हाच गुन्हा आहे. उरलेली सहा मिनिटं ते हाताची घडी घालून गप्प उभे होते. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, आणि अभिमानाने. नापास केलं ते परीक्षकांना अक्कल नसल्यामुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यानंतर ताई माझ्याकडे आली. तिने फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "तू त्यांना शिकव. तुझं ऐकणार नाहीत, पण दुसरं कोणी शिकवणारही नाही." मी हो म्हटलं. बहिणीवरच्या मायेने म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं. खरं म्हणजे साहेब माझ्या काउंटरमागे उभे राहिलेले मला बघायचे होते.

दुपारी दोन ते चार दुकानात वर्दळ नसते आणि मालक जेवून घरी झोपतो. त्या वेळात साहेब यायचे, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून. ते आत उभे राहायचे आणि मी बाहेरून रुग्ण होऊन यायचे. मी म्हातारी झाले, तंबाखू सोडायला निघालेला ट्रकवाला झाले, लाजेने अर्धंच बोलणारी नवी नवरी झाले. प्रत्येकाला साहेबांनी व्याख्यान दिलं. ट्रकवाल्याला तर निकोटिन मेंदूत कुठे जाऊन बसतं ते पाच मिनिटं सांगितलं आणि च्युइंगम कसं चघळायचं ते राहूनच गेलं. मी वहीत त्यांना शून्य द्यायचे. मोठं, गोल शून्य काढायचे. मला त्यात किती सुख होतं ते सांगताना आता लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

एका दुपारी मी आतल्या टेबलाशी फोनवर एका डॉक्टरांशी बोलत होते, तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. हृदयाच्या त्रासामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. गुडघा दुखतोय म्हणून त्यांनी दुखण्यावरची एक नेहमीची गोळी मागितली. साहेबांनी दुसरं काय चालू आहे ते विचारलं, आणि मग सुटले. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होतो, हे लहान मुलाला कळतं, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं नाही का, सांगितलं असेल तर कान कुठे होते. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. बाईंचा चेहरा पडला. त्या काही न घेता पायरी उतरून गेल्या.

मला हे सगळं ऐकू येत होतं. फोनवर हात ठेवून मी मध्ये पडू शकले असते. पडले नाही. मनात म्हटलं, बघ, हा माणूस काय लायकीचा आहे ते सगळ्यांना दिसू दे. फोन ठेवल्यावर मी त्यांना शून्य दिलं आणि बाईंच्या मागे गेले नाही.

बाई तशाच पलीकडच्या दुकानात गेल्या, तिथे त्यांनी नुसती गोळी मागितली आणि त्यांना ती मिळाली. सहा दिवसांनी त्यांच्या सुनेने मला सांगितलं की सासूबाई रुग्णालयात आहेत, शौचाला काळं होत होतं, रक्त चढवावं लागलं. मी भेटायला गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा फटक. मी विचारलं, गोळी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं ना. त्या म्हणाल्या, "ते साहेब ओरडत होते एवढं कळलं. काय म्हणाले ते काही डोक्यात शिरलं नाही. चारचौघांत वेड्यात काढलं त्यांनी मला."

दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते खिशातलं पेन काढून पुन्हा लावत राहिले. मग म्हणाले, "मी बरोबरच सांगितलं होतं."

"बरोबर होतं," मी म्हटलं. "त्यांना ऐकू गेलं नाही. आणि मला जात होतं तरी मी उठले नाही."

माझ्या वाक्याचा दुसरा भाग त्यांच्यापर्यंत पोहोचला की नाही कोण जाणे. ते काउंटरमागचं स्टूल ओढून बसले. आता हा माणूस वितळणार, असं मला वाटलं. छे. त्यांनी कोरी वही काढली आणि विचारलं, "तू असतीस तर नेमकं काय बोलली असतीस? शब्दशः सांग."

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग दुसऱ्या रुग्णाचं विचारलं, मग तिसऱ्याचं. दोन महिन्यांत त्या वहीत माझी शंभरेक वाक्यं जमा झाली, कारखान्यातल्या तपासणीच्या कृतीसारखी क्रमांक घालून. मध्ये मध्ये सूचना होत्या: इथे मान हलवणे, इथे दोन सेकंद थांबणे, रुग्ण रडल्यास टिश्यूचा डबा डाव्या हाताने पुढे करणे. 'तुमच्या जागी मी असतो तर मलाही काळजी वाटली असती' हे वाक्य ते आरशासमोर म्हणायचे, आणि ताई म्हणते की ते ऐकून पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. माणुसकीसुद्धा या माणसाने घोकून पाठ केली. अर्थ कळला पाहिजे असा त्याचा आग्रहच नव्हता.

तिसऱ्या वेळी आठांपैकी सात खोल्या पास. परीक्षकांनी शेरा दिला होता: रुग्णाशी वागणूक विशेष आपुलकीची. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे टाकला. आनंद सोडा, चेहऱ्यावर किळस होती. म्हणाले, एवढ्याशा सोंगाला फसणारे लोक परीक्षा घेतात, म्हणजे परीक्षेची काय किंमत राहिली. ताईने पेढे वाटले नाहीत की काही नाही, नुसतं एक दिवस रजा काढून ती दुपारभर झोपली.

त्यांना रुग्णालयातली जागा मिळाली. वर्ष होऊन गेलं. ताई घराची किल्ली विसरली होती म्हणून परवा मी ती त्यांच्याकडून घ्यायला रुग्णालयात गेले. औषध विभागाच्या खिडकीशी गणवेशातला एक बस चालक उभा होता. त्याला नुकतंच इन्सुलिन सुरू झालं होतं. साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली आणि हळू आवाजात विचारलं, टोचताना भीती वाटते का, बहुतेकांना वाटते. मग थांबले. तो माणूस थोडा चुळबुळला आणि कबूल झाला की गेले चार दिवस त्याने सुई घेतलीच नाही. कामावर असताना साखर उतरली तर बस कुठे आदळेल या धास्तीने. साहेबांनी मान हलवली. त्याच्या पाळीच्या वेळा विचारून घेतल्या. आतल्या फोनवरून डॉक्टरांना गाठलं आणि सुईची वेळ बदलून घेतली. साखर उतरायला लागली तर अंगाला काय जाणवतं, तेव्हा बस बाजूला लावून काय खायचं, ते सांगितलं आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. जाताना त्या माणसाने दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरला.

तो दाराबाहेर गेल्याबरोबर साहेबांचा चेहरा दुकानाच्या शटरसारखा खाली आला. मला म्हणाले, "याला एक सुई टोचायची हिंमत नाही, आणि याच्या हातात पन्नास माणसं देतात."

त्यांना लागेल असं काहीतरी मला बोलायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांचं त्या माणसाशी झालेलं बोलणं पुन्हा पहिल्यापासून तपासलं, कुठे काही राहिलंय का, कुठे चुकलंय का. एकही जागा सापडली नाही. त्याचा मला इतका राग आला की किल्ली घेऊन मी तशीच निघाले.