मागच्या सीटवरून आयर्लंड

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. पण ज्याच्या पायाशी हे कागद ठेवणार आहे तो अक्षर बघत नाही, मन बघतो, अशा भरवशावर लिहिते. तोंडाने कुणाला सांगायची मला लाज वाटते.

आमचं गाव सिंधुदुर्गातलं. ग्रामदैवत वेतोबा. रात्री तो गावाच्या वेशीवरून फिरतो, सगळ्यांची राखण करतो, आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, असं आम्ही मानतो. म्हणून नवस फेडायला त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा देतात. लग्न होऊन मी त्या गावात आले आणि थोड्याच दिवसांत हे बहरीनला ड्रायव्हरच्या नोकरीवर गेले. दोन वर्षांनी एकदा रजा. आले की घर पाहुण्यांनी भरायचं, आणि पाहुणे पांगले की रजा संपलेली असायची. सासूसासऱ्यांचं सगळं मी केलं, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. मग ह्यांनी माझा व्हिसा काढला आणि मी बहरीनला आले.

आता दोघं एकत्र राहणार म्हणून मी केवढी हरखले होते! पण तिथल्या माहूज भागातल्या ह्यांच्या खोलीत आल्यावर कळलं की आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नाही. फोनवर पैसे मिळाले का, औषध आणलं का, एवढंच बोलायची सवय. हे पहाटे निघायचे, रात्री यायचे. "जेवलीस?" "होय." "दार लावलंस?" "लावलं." खलास. मग खोलीत एसीचा आवाज. दूर होते तेव्हा हे माझ्या जास्त जवळ होते की काय, असं वाटायचं. खोलीत वेतोबाचा लहानसा फोटो आहे. त्याच्यापुढे रोज एकच गाऱ्हाणं घालायचे, "बा महाराजा, माणूस दिलास, आता त्याच्याशी बोलूक तोंड दी."

हे बहरीनमधल्याच रिफाला एका आयरिश मॅडमकडे बरीच वर्षं होते. मॅडम शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन मायदेशी जाताना त्यांनी ह्यांना सांगितलं, तू मला एवढी वर्षं फिरवलंस, आता माझ्या देशात ये आणि बायकोला फिरव. विमानाची तिकिटं त्यांचीच. ह्यांना तोवर तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये काम मिळालं होतं, तिथून रजा घेतली. मला सगळं स्वप्नासारखं वाटत होतं, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. आठवडाभर एका गाडीत दोघंच. बोलायचं काय?

मॅडमच्या घरी पाहुणचार घेऊन आम्ही भाड्याची गाडी घेतली. गाडी दारात आली तेव्हा ह्यांनी उतरून मागचं दार उघडलं, मॅडमसाठी उघडायचे तसं. मी जराशी थांबले. पण उघडलेल्या दारात किती वेळ उभी राहणार? बसले. ह्यांनी दार हलकेच लावलं. अशी मी आयर्लंड देश मागच्या सीटवरून बघायला लागले.

काय तो देश! डोळे निवतील असं हिरवं. बहरीनच्या वाळूची सवय झालेले डोळे माझे, ते भरून यायचे. अरुंद रस्ते, दोन्हीकडे दगडावर दगड रचलेले गडगे, अगदी आमच्याकडच्यासारखे. आमचे चिऱ्यांचे तांबडे, त्यांचे करडे. गडग्यापलीकडे मेंढ्या, मग उतार, मग समुद्र. वळणावळणावर मला गाव आठवायचं, आणि समोर दिसायची ती ह्यांची मान. केस पिकलेत, कानामागे एक जुना व्रण आहे, तो कधी झाला तेही मला माहीत नव्हतं. हात लांबवला असता तर पोचला असता. पुढची सीट रिकामी. तिच्यावर हे काही ठेवत नव्हते, साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही. मला वाटायचं, मी पुढे बसावं असं ह्यांच्या मनातच नाही. दोन दिवस असेच गेले. "थंडी वाजता?" "नाय." "काच लावू?" "लावा."

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस भुरभुरत असताना गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. थोड्या वेळापूर्वीच ह्यांनी पंपावर टाकी भरली होती. बहरीनला गाडीतून उतरावं लागत नाही. काच खाली करायची, "फुल" म्हणायचं, पंपावरचा माणूस भरतो. इथे आपणच भरायचं होतं. तिकडे लहान गाड्या पेट्रोलच्या, म्हणून ह्यांनी विचार न करता पेट्रोल भरलं. गाडी होती डिझेलची. चूक कळली तेव्हा ह्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. आयुष्यभर गाडी हाकलेला माणूस, त्यातून गॅरेजचा.

"मॅडमला फोन लावूया?" मी विचारलं.

"नको. काय सांगू त्यांना? तुमच्या ड्रायव्हराक पेट्रोल कळना नाय?"

तसंही फोनला रेंज नव्हती. कार्डावरचे बहुतेक पैसे गाडीच्या अनामत रकमेत अडकलेले. हे स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. मी उतरले, गडग्याला टेकून उभी राहिले आणि डोळे मिटले. त्या वेळी गाडीसाठी काही मागितलं नाही. एवढंच म्हटलं, "महाराजा, आता तूच बघ. माझ्याच्यान होवचां नाय."

ट्रॅक्टरचा आवाज आला. उतरला तो ताडमाड म्हातारा, हातात काठी. माझी नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. एवढे मोठे पाय मी पाहिले नव्हते. एका बुटाचा तळ सुटला होता आणि निळ्या सुतळीने बांधला होता. मी बघतच राहिले. माझ्या अंगावर काटा आला, एवढंच लिहिते. त्यापुढचं काही मी म्हणत नाही.

म्हाताऱ्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मोठ्याने हसला. ह्यांना काहीतरी म्हणाला.

"काय म्हणता तो?" मी विचारलं.

"म्हणता, देवान पाऊस दिल्यान, मेंढरां दिल्यान, आणि दर उन्हाळ्याक एक पेट्रोलवालो दिता."

हेही हसले. किती दिवसांनी!

त्याने ट्रॅक्टरने गाडी ओढत आपल्या अंगणात नेली. गावातल्या मेकॅनिकला बोलावलं, पण तो यायला वेळ होता. आम्हाला स्वयंपाकघरात बसवून त्याने चहा केला, काळसर पाव आणि लोणी पुढे ठेवलं. बायको वारलेली, एकटाच राहायचा. तरुणपणी तो इंग्लंडमध्ये इमारतींच्या कामावर होता आणि बायको इथे, ह्याच घरात. हे ह्यांनी मला सांगितलं. मग म्हातारा माझ्याकडे वळला. तो माझ्याकडे बघून बोलायचा, जणू मला इंग्रजी येतं. आणि ह्यांना मधे पडून सांगावंच लागायचं.

"इचारता, आमी किती वर्सां लांब रवलव."

"सांगा की."

ह्यांनी सांगितलं. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग पुन्हा माझ्याकडे बघून काही बोलला. हे जरा अडखळले.

"इचारता... सांजवेळचा तू काय करी हुतंस? त्याच्या बायकोक त्यान ह्या कधी इचारूक नाय, म्हणता."

ह्यांना मी हे कधी सांगितलं नसतं. पण परक्या म्हाताऱ्याला सांगायला काय हरकत? मी त्याच्याकडे बघून मराठीतच सांगितलं. शेवटची एसटी आमच्या देवळापाशी वळते. हे आता येणार नाहीत, रजा पुढल्या वर्षी आहे, हे मला ठाऊक असायचं. तरी ती एसटी थांबायची, दार वाजायचं, आणि पुन्हा सुरू होऊन ती जाईपर्यंत मी पानावर बसत नसे. सासूबाई रागवायच्या, "कोण येतलो हा तुझो?" मी म्हणायचे, "कोण नाय, भूक नाय."

हे इंग्रजीत सांगू लागले. एसटीपर्यंत आले आणि थांबले. पुढचे शब्द येईनात. म्हातारा वाट बघत राहिला. मग हे बोलले ते लांबच लांब, त्याच्याशी, खाली मान घालून. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

"काय सांगितलात त्याका?"

हे कपाकडे बघत म्हणाले, "सांगितलंय की माझ्या गाडयेत फुडची सीट मी कधी कोणाक दिलंय नाय. मॅडम मागे बसत. बाजारातली पिशवीसुद्धा मी थंय ठेवलंय नाय. एकटो आसलंय की थंय तू बसलंस असा समजान त्या सीटवांगडा बोलत होतंय."

मी विचारलं, "मगे माका मागे कित्याक बसवलात?"

"हात सवयीन गेलो गो मागच्या दाराक. तू बसलंस. माका वाटला, तुका माझ्याबाजूक बसाचाच नाय."

म्हाताऱ्याला काय कळलं कोण जाणे. त्याने उठून चुलीत सुकलेल्या मातीचं एक ढेकूळ टाकलं, तिकडे तेच जळण, आणि मेंढ्या बघायला म्हणून बाहेर गेला. त्याच्या ओल्या बुटाचा ठसा फरशीवर उमटला होता. आम्ही किती वेळ बोलत होतो ते मला सांगता येणार नाही. कानामागचा व्रण कसा झाला तेही विचारून घेतलं. आणि तो ठसा वाळायच्या आत मी वाकून मापला, दीड वीत आणि दोन बोटं. "ह्या काय करतंस?" ह्यांनी विचारलं. मी नुसती हसले.

मेकॅनिक आला, टाकी रिकामी केली, गाडी चालू झाली. त्याचे पैसे म्हाताऱ्याने फळीवरच्या डब्यातून काढून दिले. ना चिठ्ठी, ना सही. "घरी पोचल्यावर सवडीने पाठवा," म्हणाला. निघताना तो गाडीपाशी आला, पुढचं दार उघडलं आणि काठी टेकून उभा राहिला. मी बसेपर्यंत हलला नाही. उरलेला आयर्लंड मी काचेतून सरळ समोर पाहिला. वाटेत गप्प झालो, तरी ते गप्प राहणं वेगळं होतं.

बहरीनला परत आल्यावर दर महिन्याला पगार झाला की आम्ही दोघं मनामाच्या बाजारात जाऊन म्हाताऱ्याला थोडे थोडे पैसे पाठवायचो. तेवढ्यासाठी मी चांगली साडी नेसायचे. गावी दिराला सांगून वहाणा करवून घेतल्या. चांभाराने दोनदा विचारलं म्हणे, माप नक्की ना, हे नवसाच्या वहाणांचं माप नव्हे, माणसाच्या पायाचं आहे. मी सांगितलं, होय, तेच माप. दिराने त्या वेतोबाच्या पायाशी ठेवल्या. म्हातारा कोण होता, असं मी देवाला विचारलं नाही. जोवर मी शब्द मागत होते तोवर काही मिळालं नाही. हात टेकले तेव्हा त्याने गाडीच थांबवली. आपल्याला काय द्यायचं आणि कसं, हे त्याला कळतं. आपण फक्त सोडून द्यायचं. ते मला अजून पुरतं जमत नाही.

काल शेवटचा हप्ता पाठवला. सगळे पैसे फिटले. पावती हातात घेऊन आम्ही बाहेर आलो, तर मला आनंद झालाच नाही. आता दर महिन्याला कशाला यायचं? त्या हिरव्या देशाशी बांधलेली दोरी सुटल्यासारखं वाटलं. ह्यांनी पावती घडी करून खिशात ठेवली आणि गाडीकडे चालू लागले.

"फिटला," हे म्हणाले. "आता खंय जावचां?"

तोवर पुढचं दार मीच उघडलं होतं.