कपडा: नाही

अनाथाश्रमातली पोरं तिला साबणबाई म्हणत. ती स्वतः तिथेच वाढलेली. अठरा पूर्ण झाल्यावर बाकीच्या मुली कामाधंद्याला बाहेर पडल्या. ही धुण्याच्या खोलीत शिरली ती चाळीस वर्षं तिथेच राहिली. कामाला वाघ, पण स्वच्छतेचं वेड असं की उभ्या माणसाचा शर्ट उतरवून भिजत घालेल.

चर्चच्या या आश्रमात एक नियम होता. पायरीवर सोडलेलं मूल ज्या कपड्यात गुंडाळलेलं असेल, तो न धुता पिशवीत घालून कपाटात ठेवायचा. साठ दिवसांत आई परत आलीच, तर तो कसा होता ते तिने न बघता सांगायचं. जुळला तर पुढची चौकशी, नाहीतर आल्या वाटेने परत.

एका सकाळी आठवड्याभराची तान्ही आली. गडबडीत तिचा कपडा मळक्या ढिगात पडला. साबणबाईने तो ओळखला, पण त्याला आंबट दुधाचा असा काही वास मारत होता की तिला राहवेना. एक उकळी देते, वाळवते, गुपचूप कपाटात ठेवते, कोणाला कळतंय? कपडा विरलेला होता, उकळत्या पाण्यात पार फाटला. आता काय डोंबल ठेवणार कपाटात! तिने त्याची फरशी पुसायची फडकी केली आणि मूग गिळून बसली.

एक्केचाळिसाव्या दिवशी आई आली. वीस-बावीसची असेल, खुर्चीच्या काठावर टेकलेली. साबणबाई तेव्हा ऑफिसात स्टुलावर चढून धुतलेले पडदे लावत होती. आईने सांगितलं: निळं फ्लॅनेल, एक कोपरा उसवलेला, निळा दोरा नव्हता म्हणून काळ्याने शिवलेला. आश्रम चालवणाऱ्या सिस्टरने फाइल उघडली. सिस्टर मनाने वाईट नव्हती. पण मागे एकदा भलत्याच बाईच्या हाती मूल जाता जाता राहिलं होतं, तेव्हापासून नियमाला पक्की. कपाटात पिशवी नव्हती म्हणून फाइलीत लिहिलं होतं, कपडा: नाही.

मूल उघडंच सापडलं अशी नोंद आहे, असं सिस्टरने सांगितलं. आई भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मी तिला उघडं टाकलं, असं तिला सांगणार तुम्ही?"

साबणबाईने बोलावं तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर राहायची खोलीही. ती स्टुलावरून उतरली, बादलीवरची फडकी आणून टेबलावर ठेवली.

"काळाच दोरा आहे, सिस्टर. धुतला मी आणि फाडलाही मीच."

सिस्टरने तिला फैलावर घेतलं, आणि ते वाजवीच होतं. चौकशीला महिना गेला, मग मूल आईकडे गेलं. साबणबाईची नोकरी लेखी तंबीवर निभावली.

आश्रम सोडायच्या वयाला प्रत्येकाला आपली फाइल बघायला मिळे. साबणबाईच्या फाइलीतही हेच लिहिलेलं होतं, कपडा: नाही. त्या दोन शब्दांपायी तिने एका न पाहिलेल्या बाईला चाळीस वर्षं शिव्या घातल्या होत्या, अगदी प्रार्थनेला बसूनसुद्धा. मूल गेलं त्या दुपारी चादरी वाळत घालताना तिला आपल्या आधीची धुणंवाली आठवली. हिला उकळी द्यायला शिकवलं ते तिनेच. तिलाही मळका कपडा डोळ्यासमोर खपत नसे. साबणबाई ओल्या चादरींसकट खाली बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या आईसाठी रडली.