फायनलच्या सकाळी चांगुणाबाई

चांगुणा पगारे पाटबंधारे खात्यात कारकून. छप्पन्न पूर्ण झालेली, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. ऑफिसच्या तिन्ही मजल्यांवर त्यांना सगळे ओळखत, पण ते कामामुळे नाही, कॅरममुळे. कर्मचाऱ्यांच्या जिल्हा स्पर्धेतला कप त्यांनी अकरा वेळा आणला होता. राज्य पातळीवर तीनदा निवड झाली आणि तिन्ही वेळा जाणं राहिलं. पहिल्यांदा लेकीच्या, दिशाच्या वेळचा आठवा महिना होता. दुसऱ्यांदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात आलं. तिसऱ्यांदा दिशाची दहावी. दर वेळी त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जाऊ की," आणि खरंच तसं वाटून त्या कामाला लागल्या.

मग दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड रूममधल्या लोखंडी कपाटाचं दार त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर बसलं. हाड जुळलं, पण बोट पहिल्यासारखं वाकेना. स्ट्रायकर मारायला जावं तर तो जेमतेम बोर्डाच्या मध्यापर्यंत जाऊन थांबायचा. चांगुणाबाईंनी पावडरचा डबा आणि सोंगट्या शेजारच्या पोरींना देऊन टाकल्या आणि महिनाभर त्या विषयावर कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यांचा भाचा सनी इंदिरानगरमध्ये पूल पार्लर चालवतो. दोन टेबलं, चार पंखे आणि भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. तो एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "मावशी, इकडे बोटानं नाही मारायचं. काठीनं मारायचं. कोन तेच, चेंडू मोठे, एवढाच फरक."

"माझं वय काय, तुझं चाललंय काय!" चांगुणाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर त्यांची रिक्षा घराकडे न वळता पार्लरकडे वळली.

रात्री उशीर का झाला म्हणून कोंडाजींनी विचारलं. कोंडाजी त्यांचे यजमान, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर.

"पूल खेळत होते," चांगुणाबाई म्हणाल्या.

कोंडाजींनी जेवता जेवता मान वर केली. "पाटबंधारे खात्यात पूल बांधतात ना? खेळायला कधी लागले?"

त्याला आता दीड वर्ष झालं. यंदा जिल्ह्याची महिला स्पर्धा लागली तेव्हा सनीनं मावशीला न विचारताच नाव दिलं. चौदा जणी होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी कॉलेजच्या. पहिल्या फेरीत एका मुलीनं चांगुणाबाईंना प्रेक्षक समजून "काकू, खुर्च्या त्या बाजूला आहेत" असं अदबीनं सांगितलं, आणि वीस मिनिटांनी तीच मुलगी त्यांच्याशी हात मिळवून हसत बाहेर गेली. असं करत करत चांगुणाबाई फायनलला पोचल्या. जिंकेल ती एकटी राज्य स्पर्धेला पुण्याला जाणार होती. समोर होती कळवणची तेजल देवरे, वय एकवीस, गेल्या दोन वर्षांची जिल्हा विजेती.

फायनलला सहा आठवडे होते. सनीनं ते सहा आठवडे मावशीला अजिबात मोकळं सोडलं नाही. सकाळी साडेसहाला पार्लर उघडायचं. एक चेंडू टेबलाच्या मधोमध, पांढरा चेंडू अगदी टोकाला, आणि लांबच्या लांब सरळ फटका. असे रोज शंभर. मग कडेला चिकटलेले चेंडू, मग काळा, जो आपले सात संपल्यावर शेवटी घालेल त्याचा डाव. चांगुणाबाईंचा नेम चांगला होता, पण हात उतावळा. कॅरममध्ये दिसलं की मारायचं, ही तीस वर्षांची सवय. सनी ओरडायचा, "मावशी, बघा, मग उभं राहा, मग मोजा तीन, मग वाका!"

"तीन मोजेपर्यंत मी विसरून जाते रे कुठं मारायचं ते."

"मग परत बघा."

कोंडाजीही सोबत यायचे, पेपर घेऊन कोपऱ्यात बसायचे. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण एक दिवस त्यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, गाडी डेपोतून काढायच्या आधी आम्ही तिच्याभोवती एक चक्कर मारायचो. टायर, काचा, सगळं नजरेखालून. तू तर आल्या आल्या स्टार्टरच मारतेस." त्या दिवसापासून चांगुणाबाई प्रत्येक डावाआधी टेबलाभोवती एक चक्कर मारू लागल्या. आश्चर्य म्हणजे त्यांचा उतावळेपणा त्यानं निम्म्यावर आला.

सगळ्यात अवघड तयारी मात्र वेगळीच निघाली. फायनलला कॉलरचा शर्ट आणि काळी पँट सक्तीची होती. चांगुणाबाईंनी जन्मात साडीशिवाय काही नेसलं नव्हतं. सनी पँट घेऊन आला. ती घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हसूच आवरेना. पण वाकायची सवय व्हायला हवी म्हणून आठवडाभर त्यांनी घरात पँटच वापरली. त्यातच कणीक मळली, त्यातच फरशी पुसली. गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारच्या वत्सलाबाईंनी कठड्यावरून विचारलं, "पगारे भाऊ, आज तुम्ही कसे काय कपडे घालताय वाळत?" चांगुणाबाई वळल्या, तेव्हा वत्सलाबाईंच्या हातातला पिळा खाली पडला.

फायनल जानेवारीतल्या एका शनिवारी होती, संक्रांतीच्या आधी. नाशिकला त्या आठवड्यात पारा आठवर गेला होता. सकाळी चांगुणाबाईंनी आंघोळ केली, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, अर्धी भाकरी आणि थोडं दूध घेतलं. सनीनं पोटभर जेवायला मनाई केली होती. उजवं बोट थंडीनं आखडलेलं होतं. कोंडाजींनी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधलं, आणि रिक्षात बसल्यापासून चांगुणाबाई ती पुरचुंडी मुठीत धरून होत्या.

हॉल गंगापूर रोडला एका इमारतीच्या तळघरात होता. आत पाऊल टाकलं आणि चांगुणाबाईंच्या अंगावर काटा आला. एवढ्या थंडीत आत एसी चालू!

पंच होते अमोल सर. "टेबलाचं कापड नवं आहे, मॅडम," त्यांनी समजावलं. "दमट हवेनं खराब होतं. एसी बंद करता येत नाही."

सरावाला प्रत्येकीला वीस मिनिटं होती. चांगुणाबाईंनी चक्कर मारली, काठीच्या टोकाला खडू लावला, पहिला लांब फटका मारला. चेंडू गेला आणि जातच राहिला. नव्या कापडावर तो लोण्यावरून घसरावा तसा पळत होता. त्यांनी जोर कमी केला. तरी जास्त. आणखी कमी केला, तर आखडलेल्या बोटानं काठीच नीट धरली जाईना. दहातले चारच चेंडू आत गेले. मिठाची पुरचुंडी केव्हाच गार पडली होती.

"सनी," त्या हळूच म्हणाल्या, "हात माझा नाहीये रे आज."

सनीनं त्यांचे हात आपल्या हातात घेऊन चोळले. त्याचे स्वतःचेच हात बर्फ झाले होते.

मग तेजल सरावाला आली. उंच, शांत मुलगी. तिनं पाच मिनिटांत टेबल रिकामं केलं. ती दुसऱ्यांदा चेंडू लावत होती, इतक्यात खट्‌ झालं आणि सगळा हॉल काळोखात बुडाला.

"शनिवार!" अंधारातून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. दुरुस्तीसाठी वीज जायची ती शनिवारीच, हे शहरात सगळ्यांना पाठ. आयोजकांच्या तेवढं ध्यानात राहिलं नव्हतं. जनरेटर होता, पण टेबलांवरचे दिवे त्यावर जोडलेले नव्हते. अमोल सरांनी मोबाइलच्या उजेडात जाहीर केलं, "वीज आली की सामना. तोवर सगळ्यांनी वर चला."

वर लख्ख ऊन पडलं होतं. इमारतीच्या पायऱ्यांवर सगळे रांगेनं बसले, पंच, प्रेक्षक, दोघी खेळाडू. तेजलचे वडील खंडेराव कळवणहून पहाटेच निघाले होते. त्यांनी जीपमधून हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भला मोठा भारा काढला आणि पायरीवर टाकला.

"घ्या ना ताई," ते चांगुणाबाईंना म्हणाले. "सकाळीच उपटलाय. लय गोड हाय."

"अहो, तुमच्या मुलीच्या विरुद्ध खेळायचंय मला."

"ते खाली. वर काय भांडण नाय."

चांगुणाबाईंनी एक डहाळी घेतली. घाटे सोलायला लागल्या. शेजारी तेजल येऊन बसली आणि तीही सोलू लागली. उन्हानं पाठ तापत होती. घाटा दाबायचा, फट्‌ करून फुटला की हिरवा दाणा अंगठ्यानं काढायचा. एक डहाळी झाली, दुसरी झाली. चौथ्या डहाळीला चांगुणाबाईंच्या लक्षात आलं की आखडलेलं बोट कामाला लागलंय. पूर्ण नाही, पण जेवढं वाकायचं तेवढं वाकतंय, दुखत नाहीये.

"काकू, तुम्हाला भीती वाटते?" तेजलनं अचानक विचारलं.

"वाटते की. तुला?"

"मला उलटी होईल असं वाटतंय सकाळपासून," ती म्हणाली. "दोन वर्षं जिंकले ना, आता सगळे धरूनच चाललेत. बाबांनी तर गावात सांगूनही टाकलंय."

चांगुणाबाईंनी सोललेले दाणे तिच्या ओंजळीत ओतले. "आधी खाऊन घे. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं."

तिनं खाल्ले. दोघी बराच वेळ सोलत, खात बसल्या. ऑफिसातल्या गोष्टी निघाल्या, कॉलेजातल्या निघाल्या. पँट घालून फरशी पुसल्याचं ऐकून तेजल इतकी हसली की तिला ठसका लागला. कोंडाजी आणि खंडेराव कळवण-नाशिक रस्त्यावरच्या वळणांवर बोलत होते. कोंडाजींनी तो रस्ता अकरा वर्षं चालवला होता.

तेवढ्यात सनी चहा घेऊन आला आणि किंचाळलाच. "मावशी! आंब! हात चिकट होतील, काठी सरकायची नाही!"

दोघींनी आपापल्या बोटांकडे बघितलं. हरभऱ्याची आंब लागून बोटं खरोखरच चिकटत होती. समोरच्या टपरीवरच्या चहावाल्यानं हसत हसत पातेलं पुढे केलं. त्यातल्या कोमट पाण्यानं दोघींनी हात धुतले. चांगुणाबाईंनी ते पाणी बोटांवरून तीनदा सोडलं आणि रुमालानं हळूहळू पुसलं. त्यांनी मूठ मिटली, उघडली. हात आता त्यांचा होता.

पावणेबाराला वीज आली. तळघरातला एसी बराच वेळ बंद राहिल्यानं हवाही उबदार झाली होती. सामना पाच डावांचा, आधी तीन जिंकेल ती विजेती.

पहिला डाव तेजलनं घेतला. दुसरा चांगुणाबाईंनी. तिसऱ्यात काळ्याच्या मागोमाग त्यांचा पांढरा चेंडूही घसरत जाऊन पॉकेटमध्ये पडला आणि तोही डाव तेजलकडे गेला. चौथ्या डावाआधी त्यांनी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. त्या डावात त्यांनी आपले सातही चेंडू ओळीनं घातले आणि मग काळा. दोन-दोन.

पाचव्या डावात दोघींचे सगळे चेंडू संपले आणि टेबलावर काळा तेवढा राहिला. पाळी चांगुणाबाईंची. काळा लांबच्या कोपऱ्याकडे होता, कडेपासून दोन बोटं. जाईल असा फटका होता, पण चुकला तर तेजलला सोपा राहणार. हात शिवशिवला. चांगुणाबाई वाकल्या, आणि पुन्हा सरळ झाल्या. मनात मोजलं. मग त्यांनी पांढऱ्यानं काळ्याला नुसता हलकेच स्पर्श केला. तो कडेला जाऊन चिकटला आणि पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला परतला. तेजलपुढे फार वाईट जागा राहिली होती.

तेजलनं बराच वेळ पाहिलं. मारलं. काळा पॉकेटच्या ओठावर येऊन थरथरला आणि थांबला. हॉलमधून एक मोठा श्वास ऐकू आला.

चांगुणाबाईंना आता फक्त एक हात लांब, सरळ फटका होता. तसा त्यांनी सहा आठवड्यांत कितीदा मारला होता, त्याची मोजदाद नव्हती. तरी त्या तीन मोजल्याशिवाय वाकल्या नाहीत. काळा आत पडला तेव्हा त्यांना आवाजच आला नाही. सनीची आरोळी ऐकू आली तेव्हा कळलं.

तेजल आली, हात मिळवायला म्हणून पुढे झाली आणि मध्येच पाया पडायला वाकली. चांगुणाबाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं आणि मिठी मारली. खंडेराव लांबून म्हणाले, "गावात सांगंन मी. आमची पोरगी हरली, पण लय भारी बाईकडून हरली." कोंडाजी चष्मा काढून पुन्हा पुन्हा पुसत होते.

दुपारी रिक्षात बसल्या बसल्या चांगुणाबाईंनी दिशाला फोन लावला. दिशा पुण्यात नोकरीला असते. लेकीनं आधी ओरडून घेतलं, मग रडून घेतलं, मग म्हणाली, "आई, स्पर्धा पाच दिवस आहे ना? सरळ माझ्याकडेच उतर. मी सुट्टी घेते."

"नाही गं," चांगुणाबाई म्हणाल्या. "खेळाडूंची राहायची सोय होस्टेलवर असते. अमोल सरांनी सांगितलंय. मी खेळाडूंबरोबर राहणार. तू मला भेटायला ये."