कोपरा फाडलेला कलकत्ता

त्या दिवशी पोस्टमन फाटकात आला तेव्हा मी शेजारणीशी भांडत होते. तिची बकरी माझा कढीपत्ता बुंध्यापर्यंत खाऊन गेली होती, आणि मी तिला बकरीसकट ठेवणीतलं ऐकवत होते. पोस्टमननं आमच्या दोघींच्या मधून एक कार्ड पुढे केलं. आजकाल कार्ड येतं कुणाला? मी बघितलं आणि बकरी विसरले. जाडसर, पिवळं पडलेलं चित्रकार्ड. नदी, नदीवर होड्या बांधून केलेला तरंगता पूल, पुलावर बैलगाड्या आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसं. कलकत्त्याचा हुगळीवरचा जुना पूल, आताचा लोखंडी पूल व्हायच्या आधीचा. ते कार्ड मी ओळखत होते. माझ्या भावाच्या, मनोहरदादाच्या संग्रहातलं ते कार्ड, आणि त्या संग्रहाला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. या कार्डाचा तर अख्खा कोपरा फाडलेला होता.

नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमच्याकडे मरणाचं पत्र कोपरा फाडून टाकायची रीत होती. कोपरा नसलेलं कार्ड दारात आलं की बाया वाचायच्या आधीच रडायला लागत. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचायचं, फाडायचं, बाहेर टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. मी कार्ड उलटं केलं. मागे वहिनीचं गोल, शाळकरी अक्षर होतं. ‘सुमनबाई, तुमचे भाऊ शुक्रवारी गेले. आता या.’

आता या... कारण एकोणीस वर्षं मी गेले नव्हते. दादा वहिनीची माफी मागत नाही तोवर त्याच्या घराची पायरी चढणार नाही, असं मी त्याच्या तोंडावर आणि मग सगळ्या नातेवाइकांतही बोलून बसले होते. तो तुमसरला, मी भंडाऱ्याला. बसनं गेलं तर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि आमच्या घरात पीळ कुणालाच कमी नव्हता.

आमच्या घराण्यात हात आधी चालतो, तोंड मागून. करडी गावी आमची धानाची शेती. बाबांच्या हातात बैल हाकायची तुतारी असायची, टोकाला खिळा ठोकलेली, आणि ती बैलांपेक्षा आम्हालाच जास्त लागली. मी आठेक वर्षांची असताना खेळता खेळता बांधीचा धुरा, म्हणजे धानाच्या खाचराचा बांध, फोडला. पऱ्ह्यातलं, धानाच्या कोवळ्या रोपांतलं, सगळं पाणी वाहून गेलं. बाबा तुतारी घेऊन आले तेव्हा दादा पुढे झाला आणि म्हणाला, मी फोडला. चौदा वर्षांचं पोर ते. बाबा मारत सुटले. सदरा फाटला, पाठ फुटली, मातीत रक्ताचे थेंब पडले, आणि हा ओठ दाबून उभा. मी धानाच्या ढोलीमागे लपून रडत होते. तो तिथं आला आणि म्हणाला, “रडू नको सुमे. मले लागतच नाही.” मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. पुढे कळलं, ज्यानं स्वतःला लागू द्यायचं सोडलं, त्याला दुसऱ्याला लागतं हेही कळेनासं होतं. आणि तरी सांगते, माझ्यासाठी एवढा मार दुसऱ्या कुणी खाल्ला नाही. हे विसरता आलं असतं तर माझी एकोणीस वर्षं सोपी गेली असती.

मोठा होऊन तो तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री झाला. चालत्या मशीनवर तळवा ठेवून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचा. हात कसले, परातीच होत्या त्या. त्या हातांनी त्यानं मिलमधल्या एका हमालाचं नाक फोडलं, एका ट्रकवाल्याचे दोन दात पाडले, आणि आमच्या चुलतभावाला लग्नाच्या मांडवात, वऱ्हाडासमोर, बुंदीच्या कढईवर ढकललं. त्याच्या हाताची कोपरापर्यंतची कातडी गेली. कारण काय, तर तो ‘मिस्त्री काय समजतो पुस्तकातलं’ असं म्हणाला. बाजारात दादा दिसला की लोक बाजूला होत. तो त्याला मान समजायचा.

आणि हाच माणूस चित्रकार्डं जमवायचा. हसू येतं ना? मिलसाठी कलकत्त्याहून एक जुनं मशीन आलं, त्याच्या खोक्यातल्या तणसात त्याला पहिलं कार्ड सापडलं. ट्रामगाडीचं. तिथून लागलेलं वेड. नागपूरच्या जुन्या बाजारात जा, कलकत्त्याच्या एका जुन्या कागदांच्या दुकानदाराला पत्रं लिही, वर्ष वर्ष वाट बघ. घेणार ती फक्त कलकत्त्याची, आणि तीही त्याच्या जन्माच्या आधीची. कुणी प्रेमानं मुंबईचं कार्ड आणून दिलं तर परत करायचा. कार्डांना हात लावायच्या आधी दोनदा साबणानं हात धुवायचा आणि खोबरेल तेलानं नखातलं ग्रीस काढायचा. मग भिंग घेऊन बसायचा. घाट, ट्रामा, पालख्या, भिस्ती, मिठाईची दुकानं. हावड्याच्या गाड्या रोज तुमसर रोड स्टेशनवरून जातात, पण हा एकदाही चढला नाही. मी एकदा विचारलं, एवढं वेड आहे तर जाऊन का येत नाहीस? त्यानं एका बाजाराचं कार्ड माझ्यापुढे धरलं. “पाह्य सुमे, एवढे लोक हायेत, पन एकाचाबी हात उठलेला नाही. मी गेलो तं एखाद्याले मारूनच येईन.” तो हसला नाही. मी हसले. माझी ती सवय वाईटच.

आता वहिनीबद्दल. माझी वहिनी वैनगंगेच्या काठच्या गावची. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जायचं ठरलं, तेव्हा तिचा एकुलता भाऊ किसन कामासाठी कलकत्त्याला गेला. तिथं इमारतींवर सेंट्रिंगच्या कामाला लागला. तेव्हा प्रत्येकाच्या खिशात फोन नव्हता. चार महिने त्याचं पत्र नव्हतं आणि वहिनी रोज पोस्टमनची वाट बघत होती. मूलबाळ झालं नाही, माहेर पाण्याखाली चाललेलं, तिचं म्हणून जे होतं ते किसनच. आणि त्याच दिवसांत दादाही पोस्टमनची वाट बघत होता. तरंगत्या पुलाचं कार्ड त्याच्याकडे होतं, पण जहाजं जाण्यासाठी तो पूल मधून उघडत असे, तसं उघडलेल्या पुलाचं कार्ड तो अकरा वर्षं शोधत होता. दुकानदारानं कळवलं होतं, मिळालंय, धाडतो.

पाकीट आलं तेव्हा दादा मिलमध्ये होता. पोस्टमन म्हणाला, कलकत्त्याचं आहे. वहिनीनं घाईनं फोडलं. आत एक कार्ड. शंभर वर्षं इकडून तिकडे फिरताना त्याचा कोपरा कधीतरी तुटला होता. मागे कुणा गोऱ्यानं काळ्या शाईत लिहिलेलं इंग्रजी, जे तिला वाचता येत नव्हतं. तिनं चित्र पाहिलंच नाही. कलकत्ता आणि फाटलेला कोपरा, तिला तेवढं पुरलं. रीतीप्रमाणे तिनं कार्डाचे चार तुकडे केले, अंगणात टाकले, डोक्यावर बादली ओतून घेतली आणि हंबरडा फोडला. मी तेव्हा तुमसरलाच मास्तरीण होते, दोन गल्ल्या सोडून राहत होते. तो आवाज ऐकून धावत गेले. वहिनी न्हाणीच्या दगडावर ओल्या लुगड्यात बसून किसनच्या नावानं छाती बडवत होती. मी तुकडे उचलून पाहिले, मागचं वाचलं आणि माझ्या लक्षात आलं, हे दादानं मागवलेलं उघड्या पुलाचं कार्ड. मी तिला सांगणार, एवढ्यात दादा दारात उभा.

त्यानं तुकड्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मी ओरडले, अरे थांब, तिला वाटलं किसन मेला... त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. तो परातीएवढा तळवा तिच्या डाव्या कानावर बसला. नुसती चापट नव्हती ती. दगडावर धान झोडपावं तसा आवाज झाला. ती आडवी पडली. त्यानं तिला केसांना धरून उठवलं आणि पुन्हा तिथंच मारलं. आणि पुन्हा. तिच्या कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत आली आणि ओल्या लुगड्यात पसरली. गल्लीतली दहा माणसं दारात उभी होती, एकही आत आला नाही. मिस्त्रीच्या वाटेला कोण जाणार? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपडे धुवायची मोगरी पडली होती, ती मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या कपाळावर घातली. खोटं कशाला बोलू, जीव घ्यायलाच घातली होती. भुवई फाटली, डोळा रक्तानं भरला. दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्याच्या वेळी मोगरी माझ्या हातातून निसटली. त्यानं माझ्यावर हात उगारला नाही. तो खाली बसला, आणि कपाळातलं रक्त टपकत असताना त्या कार्डाचे तुकडे वेचायला लागला.

ते वेचणं मला त्या मारापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीला दवाखान्यात न्यायला गेले. कानाचा पडदा फाटला होता, पुढे तो कान कायमचा गेला. पण मी पोचले तेव्हा ती सुजलेल्या तोंडानं चुलीजवळ बसून, रात्रीच्या भाताची शितं बोटानं चिरडून, ते कार्ड जोडत होती. मी वेडी झाले. तिच्यावरच तुटून पडले, नको नको ते बोलले. तुला लाज कशी नाही, असंही बोलले, देवा. मग दादाकडे वळून म्हणाले, हिची माफी मागशील तेव्हाच मी या घरात येईन. आणि जाता जाता वहिनीला म्हणाले, “हा मेला तरी मला फोन करू नकोस. कोपरा फाडून कार्ड टाक.”

तिनं ते शब्दाला शब्द लक्षात ठेवलं. किसन धडधाकट होता, हे पंधरा दिवसांनी आलेल्या त्याच्या पत्रावरून कळलं.

मी बदली मागून भंडाऱ्याला आले. दादा एकदाच माझ्या दारी आला, सहा-सात वर्षांपूर्वी. केस पिकलेले, भुवईवर माझा व्रण. मी त्याला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच विचारलं, तिची माफी मागितलीस? तो म्हणाला, “मांगतो ना. रोज मांगतो.” मला वाटलं थट्टा करतोय. मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. खिडकीतून पाहिलं, तो बराच वेळ उभा होता. मग चपला घालून गेला.

कार्ड आलं त्याच दिवशी मी तुमसरची बस पकडली. दादाला जाऊन पाच दिवस झाले होते. मिलच्या आवारात, चालत्या मशीनवर तळवा ठेवूनच तो कोसळला म्हणे. वहिनी माजघरात संग्रह उघडून बसली होती. एकेक कार्ड काढायची, कोपरा फाडायची, मागे दोन ओळी लिहायची. सोयऱ्यांना, मिलमधल्या लोकांना, कलकत्त्याच्या त्या दुकानदाराला, किसनला. कलकत्ताच कलकत्त्याला परत चालला होता. अर्धा संग्रह संपला होता. मी म्हटलं, वहिनी, त्याचा जीव होता यात. ती फाडत राहिली. मग माझ्या लक्षात आलं, मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. उठून उजवीकडे गेले आणि पुन्हा तेच म्हणाले. ती म्हणाली, पहिलं कार्ड फाडताना जड गेलं, नंतर नाही. एकच कार्ड तिनं बाजूला ठेवलं होतं. शितांनी जोडलेलं, वर तपकिरी डाग असलेलं.

मी तिला विचारलं, त्यानं कधी माफी मागितली का? ती सांगायला लागली. रोज सकाळी मिलमध्ये जायच्या आधी तो तिच्याजवळ यायचा, वाकायचा आणि तिच्या डाव्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा. एकोणीस वर्षं, एक दिवस चुकला नाही. “मले आयकू येत नव्हतं. नुसती कानाले वाफ लागे.” तिनं त्याला कधी विचारलं नाही, काय म्हणता म्हणून. त्यानंही सांगितलं नाही.

मग मी तिला माझ्या उंबऱ्यातली गोष्ट सांगितली. रोज मागतो म्हणाला होता, आणि मी दार लावलं होतं. मला वाटलं, ती रडेल. मी तर रडतच होते. वहिनीनं हातातलं कार्ड खाली ठेवलं आणि उजव्या कानाला हात लावला.

“मंग ह्या कानात काहून नाही मांगितली?”

तिनं कार्ड उचललं आणि कोपरा फाडला.

तेरवी करून मी परत आले. माझं कार्ड टेबलावरच होतं. बंद पुलाचं. घरात मरणाचं कार्ड ठेवत नाहीत, म्हणून मी अंगणात जाऊन त्याचे चार तुकडे केले, टाकले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. शेजारीण कुंपणापलीकडून बघत होती. मग ओल्या लुगड्यानं आत गेले, भाताची शितं घेतली, आणि ते तुकडे वेचून जोडत बसले.