फिरतं रक्त आणि सरांचा गुडघा

चिंचवडच्या आमच्या हाडांच्या दवाखान्यात किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. पेशंटचं रक्त काढायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवायचं, वर आलेला पिवळा द्रव त्याच्याच दुखऱ्या सांध्यात टोचायचा, हे आमचं काम. मशीन फिरतं तोवर पेशंटला उद्योग नसतो. मग तो बोलतो, आणि मी ऐकते!

चाकणच्या एका कंपनीतले क्वालिटीवाले साहेब आले होते. आमच्या डॉक्टर सरांनी त्यांना समजावलं, "यातल्या पांढऱ्या पेशी आम्ही कमी ठेवतो. त्या शरीराचे पहारेकरी. जास्त झाल्या तर सांध्यात उगाच सूज वाढवतात."

साहेब गंभीर झाले. "डॉक्टर, आम्हीपण सिक्युरिटी कमी केली होती. त्याच महिन्यात तांब्याची वायर गेली!"

निघोज्याच्या तात्यांबरोबर त्यांचा मुलगा आला. म्हणाला, "माझं रक्त घ्या, तात्यांचं जुनं झालंय." पोराचं प्रेम बघून मला भरूनच आलं. सर म्हणाले, "नाही चालत. तात्यांच्या पेशी तुमच्या रक्ताला परकं समजतील."

तात्या खूश! "लगीन झाल्यापासनं परकाच झालाय ह्यो. पेशींना बी कळतंय बघा!"

मारुंजीचा आयटीवाला वेगळाच. कोपरात इंजेक्शन घेऊन विचारतो, "पेशी कामाला लागल्या की नोटिफिकेशन येईल का?"

"येईल ना," सर म्हणाले. "ठणका लागेल."

आणि त्या ठणक्यावर गोळी घ्यायची नाही, हा सरांचा कडक नियम. थोडी सूज म्हणजे पेशींचं काम सुरू, गोळी घेतली की काम बंद! बिनगोळीचे बरे झालेले आबा, म्हणजे आमचे जुने पेशंट, एक रिटायर्ड फिटर, हे त्याचं जिवंत उदाहरण. डॉक्टरांच्या परिषदेतलं सरांचं अख्खं भाषण आबांच्या गुडघ्यावर उभं होतं. म्हणून भाषणात दाखवायच्या व्हिडिओसाठी आबांना बोलावलं.

नेमकं आदल्या दिवशी सरांनी स्वतःच्या गुडघ्यात इंजेक्शन घेतलेलं. सकाळी भिंत धरत आले, घामाघूम! मला खरंच वाईट वाटलं. "गोळी देऊ का?" विचारलं, तर डोळे वटारले. "आबांनी सोसलं, मी नाही सोसणार?"

मी मोबाइल धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं. सरांनी विचारलं, "आबा, कसं काय जमवलंत?"

आबांनी सरांच्या गुडघ्याकडे पाहिलं. त्यांचा जीव कळवळला. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून त्यांच्या हातात कोंबलं.

"येवढं सोसू नका साहेब. गुपचूप एक घ्या. मी पयल्या दिवसापासनं घेतोय, म्हणून तर चालतोय!"